वाट्याचा रकाना

गेल्या आठवड्यात बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रिक्षात दाटीवाटीनं बसले होते. खाडीच्या वळणावर रिक्षा आली आणि वास आला, अर्ध्या सुकलेल्या बोंबलांचा. शेजारचा तरुण बहुधा कुठल्याशा कारखान्यात नुकताच लागला असावा. त्यानं नाकाला रुमाल लावला आणि "भैया, थोड़ा जल्दी भगाओ ना," म्हणून रिक्षावाल्याला विनवलं. मला मात्र कडकडून भूक लागली. आणि भुकेच्या मागोमाग जराशी शरमही वाटली. हा वास आला की मला एका बाईचा राग आठवतो. काही वर्षांपूर्वी, असेच दिवस होते, तेव्हा ती माझ्यावर चिडली होती आणि तिचं शंभर टक्के बरोबर होतं.

हे दिवसच न्यारे. पावसानं आवरतं घेतलेलं, दुपारचं ऊन टाळूला चटके देणारं, आणि संध्याकाळ झाली की उत्तरेकडून कोरडा वारा सुटतो. पालघरच्या पूर्वेला भात पिवळं होऊन वाकलेलं असतं आणि दारोदार विळ्यांना धार लावणं चाललेलं असतं. पश्चिमेला किनाऱ्यावर वलांड्या उभ्या राहतात, म्हणजे बांबू रोवून त्यांना ओळीनं दोऱ्या ताणायच्या आणि त्यांवर बोंबील वाळत घालायचे. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. ना चिमटा, ना गाठ. लांबून बघितलं तर कुणी एखाद्या शाळेचे मोजे धुऊन वाळत घातलेत असं वाटतं. एकीकडे भाताची सुगी, दुसरीकडे बोंबलाची. आणि तिसरी आमची, घरोघर फिरून आकडे गोळा करणाऱ्यांची. पावसात पाड्यांवर पोचता येत नाही, दिवाळीनंतर कितीतरी घरं कुलूप लावून कामाला बाहेर पडतात, तेव्हा मधल्या या दिवसांत आमच्या चपलांचे तळ झिजतात.

मी माहीमची. मुंबईचं नाही हो, केळव्याजवळचं. हे मला आयुष्यभर सांगत बसावं लागणार आहे. आमची वाडी आहे, थोडे नारळ, थोडे चिकू, आजोबांच्या वेळेपासूनची पानवेल. कोळीवाडा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण आमचा त्यांचा संबंध टोपलीपुरता. मासेवाली दारात बसायची, आई घासाघीस करायची, दोघी एकमेकींना चार शब्द सुनवायच्या आणि शेवटी मासेवाली दोन कोलंब्या वर टाकून जायची. एवढ्यावर मला वाटायचं की मला कोळ्यांचं सगळं ठाऊक आहे. मासळी खाणाऱ्याला मासळी धरणाऱ्याचं सगळं कळतं, असा आम्हा वाडीवाल्यांचा एक गोड गैरसमज असतो.

शिक्षण झालं आणि ही नोकरी लागली. नोकरी कसली, कंत्राट. देशातली घरं काय खातात, काय पितात, कशावर किती खर्च करतात याची पाहणी असते, त्यातली मी एक पाहणीवाली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, पाठीवर पाण्याची बाटली. दारात उभी राहिले की लोक आपापल्या परीनं मला ओळखायचे. कुणाला मी रेशनवाली वाटायचे, कुणाला बँकेची, कुणाला निवडणुकीची. एका आजीनं तर मला बघून बाहीच वर केली, मी सुई टोचायला आलेय म्हणून.

प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी एका वयस्कर सरांनी विचारलं, "तुमचं उत्पन्न किती?" हॉलभर शांतता. पगार सगळ्यांचा एकच होता, तरी कुणी तोंड उघडेना. सर हसले. म्हणाले, "हे असं आहे. कमाई विचारली की माणूस गप्प बसतो, नाहीतर खोटं बोलतो. ज्याची रोज वेगळी त्याला ती खरंच माहीत नसते. म्हणून आपण आमटी विचारायची." मग त्यांनी यादी दाखवली. शेकडो वस्तू! रेशनचा तांदूळ वेगळा, बाजारचा वेगळा. तेल, हळद, साबण, वह्या, डॉक्टरची फी, मोबाइलचं रिचार्ज, विड्या, देवाला वाहिलेली फुलं. महिन्याभरात यातलं काय लागलं, किती लागलं, आणि आलं कुठून. विकत आणलं, की घरच्या साधनांनी पिकवलं-मिळवलं, की रानातून गोळा केलं, की कशाच्या बदल्यात मिळालं, की कुणी भेट-दान दिलं. प्रत्येकाला वेगळा आकडा. विकत न घेतलेल्या वस्तूचीही किंमत धरायची, कारण पोटात गेलेलं सगळं जगण्यातच जमा होतं.

आणि मग सरांनी ते वाक्य टाकलं ज्यानं माझ्या अंगावर सरसरून काटा आला. यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली जी घरं तुमच्या वाट्याला येतील, ते म्हणाले, त्यातलं एकेक घर हजारो घरांच्या वतीनं बोलणार आहे. बाकीच्या दारांवर कुणी जाणार नाही. त्यांचं म्हणणं या एका घराच्या तोंडून देशाला कळणार. अगं बाई! मी तोवर शिक्षणात पुष्कळ गणितं सोडवली होती, पण त्या आकड्यांच्या पाठीशी माणसं उभी असतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आपण न विचारताच मोजले जाणार? बरंय की, चहा करायला नको." आई तशी व्यवहारी.

त्या हंगामात माझ्या पायांनी जेवढी विषमता बघितली तेवढी डोळ्यांनीही बघितली नसेल. सकाळी बोईसरला एका सोसायटीत, दुपारी मनोरच्या बाजूच्या पाड्यावर. तिकीट थोडंसंच, पण उतरलं की वाटावं आपण पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आलो. सोसायटीतल्या बाई फार चांगल्या. त्यांनी एसी लावला, लिंबू सरबत दिलं, पण तूरडाळ महिन्याला किती लागते म्हटल्यावर त्यांनी मोबाइल उघडला. डाळ फोनवरूनच यायची ना! "बघते हं," म्हणाल्या आणि शोधत राहिल्या. शेवटी स्वयंपाकाच्या बाईला हाक मारली. तिनं पातेलं पुसत पुसत सगळं घडाघडा सांगितलं, डाळ, साखर, तूप, अगदी कुत्र्याच्या बिस्किटांसकट. त्या घराचा खर्च मालकिणीला ठाऊक नव्हता, कामवालीला होता. मी टॅबवर बोटं चालवत होते आणि मनात म्हणत होते, बाई गं, तुझं स्वतःचं घर यादीत आलं असतं तर काय मजा आली असती.

एक बंगला तर मला लाभलाच नाही. तीनदा गेले. तिन्ही वेळा फाटकावरचा माणूस म्हणाला, "साब घर पे नहीं हैं, मैडम. हमको कुछ मालूम नहीं।" तिसऱ्या वेळी त्यानं मला खुर्ची दिली आणि आपल्या डब्यातलं थेपलं दिलं. मोजायला गेले मालकाला आणि खाऊन आले वॉचमनचं. श्रीमंतीची मापं आमच्या यादीत जरा तोकडीच पडतात हे मी तिथं शिकले. फार उंचावरच्या घरांना फाटकं असतात आणि फाटकं उघडत नाहीत.

पाड्यावर फाटकं नव्हती. तिथं एक म्हातारी भेटली, भातखाचराच्या काठाला बसून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धूत होती. तिच्या घरातलं निम्मंअधिक रानातलं होतं, भाजी, चिंबोरी, सरपण. मी नियमाप्रमाणे विचारलं, "आजी, या मोळीची बाजारात काय किंमत होईल?" तिनं हातातली चिंबोरी टोपलीत टाकली. मग म्हणाली, "रानाला कसला भाव, बाई? पाय दुखतात त्याचं काय ता लिव." आता पाय दुखण्याचा रकाना कुठून आणू? मी आसपास विचारून मोळीची किंमत लिहिली. पण परतीच्या वाटेवर डोकं भणभणत होतं. एकाच यादीत, एकाच क्रमानं, तूप विचारत मी सोसायटीत बसले होते आणि तेच तूप विचारत इथं. एका ठिकाणी उत्तर यायला वेळ लागला, कारण किती ते आठवेना. दुसऱ्या ठिकाणी वेळ लागला, कारण म्हातारीला शेवटचं तूप कधी खाल्लं ते आठवेना. पुढं कधीतरी कुणीतरी जाणकार साऱ्या देशाला गरिबापासून श्रीमंतापर्यंत एका रांगेत उभं करणार, आणि खालच्या अर्ध्या रांगेच्या ताटात मिळून किती पडलं, वरच्या मूठभरांच्या ताटात किती, ते काढणार. त्या रांगेत ही म्हातारी असणार आणि त्या बाईही असणार. मी दोघींनाही हात लावून आले होते. मला तेव्हा बसमध्ये एकटीलाच हसू आलं आणि रडूही.

आणि मग ती, राग आलेली बाई. नाव सांगायची आम्हाला मुभा नाही, आणि मी ते आजवर पाळलंय. तिला हिराबाय म्हणते. तारापूरच्या अलीकडे खाडीकाठी कोळ्यांची वस्ती आहे, तिथं तिचं घर. पन्नाशी उलटलेली, बांधा काटक, लुगडं घट्ट खोचलेलं. नवरा तीन वर्षांपूर्वी समुद्रात नाही, घरीच तापानं गेला होता. मुलगी लग्न होऊन डहाणूला. घरात एकटीच. यादीप्रमाणे मी तिच्याकडं गेले तेव्हा ती अंगणात वलांडीवर बोंबील टाकत होती. मी कुठली ते विचारून तिनं मला ओटीवर बसवलं आणि म्हणाली, "इचार काय ता. हात चालू ठेवते, तोंड मोकळं हाय."

आणि बोलायला लागली. मी आजवर शिकलेली माणसं बघितली होती जी कालचं जेवण विसरतात. या बाईनं महिनाभराचं घर माझ्यापुढं मांडलं. संकष्टीला साबुदाणा पाव किलो. लेक आली त्या दिवशी वाटाणे, आणि ते आदल्या आठवड्यापेक्षा महाग. चहापत्ती मंगळवारी संपली, गुरुवारी आणली, मधले दोन दिवस शेजारणीकडं प्यायली. "त्या दोन दिसाचा चहा कुठं धरशील?" तिनंच मला विचारलं. मी चाटच पडले. अक्षरओळख नसलेल्या बाईनं माझ्या यादीतली फट माझ्याआधी बघितली होती. बोंबलांच्या जोड्या दोरीवर पडत होत्या आणि एकेक आकडा माझ्या टॅबमध्ये पडत होता, आणि मला वाटत होतं, कुठं होती ही बाई आमच्या प्रशिक्षणात!

मग मासळी आली. तिनं सांगितलं, घरात खायची मासळी बोटीवरून येते. विकत नाही. वाटा येतो.

"तुम्ही बोटीवर जाता का?" मी विचारलं.

"बाया जातात का कवा बोटीवर?"

"घरातलं कुणी जातं?"

"कोन हाय घरात?"

मी मनात हिशेब जुळवला. नवरा गेलेला. घरातून समुद्रावर कुणी जात नाही. नवऱ्याच्या जुन्या सोबत्यांकडून मासळी येते. किती चांगली माणसं! माझे डोळे जरासे ओलेही झाले असतील, खोटं कशाला बोलू. मी भेट-दानाचा आकडा दाबला आणि, नियमाप्रमाणे, लिहिलेलं वाचून दाखवलं. "मासळी, महिनाभर, दान मिळालेली."

हिराबायचा हात दोरीवरच थांबला.

"काय लिवलंस?"

मी परत वाचलं.

"दान? कोनी दिलं दान? कोनाला दिलं?" हातातले बोंबील तिनं टोपलीत टाकले. "बाय, तू माहीमची ना? वाडीवाली. तुमच्या दारात आमी टोपली घेऊन येतो, म्हनून आमी भिकारी? माझा नवरा गेला. माझी जाळी गेली नाय! ऊठ. ऊठ माझ्या वटीवरून. तुझं ते यंत्र घे नि जा."

"मावशी, ऐका तर—"

"आयकलं पुष्कळ. इतकी वरसं—" ती बोलता बोलता थांबली आणि आत निघून गेली. तिला माझ्यासमोर रडायचं नव्हतं. मी ओटीवरून उतरले. शेजारची बाई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मी समोरून गेले तशी तिनं दार लोटून घेतलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

रस्त्यावर येऊन मी पर्यवेक्षक साहेबांना फोन लावला. साहेब कोळगावला, जिल्हा कार्यालयात, मीटिंगच्या मधल्या चहाला होते. माणूस भला, पण घाईत. म्हणाले, "मालक मयत, बाई बोटीवर जात नाही, मासळी येते. मग दानच की, मॅडम. आकडा तोच राहू द्या. आणि बाई बोलणार नसतील तर सोडा, नकार लिहा, यादीतलं बदली घर घ्या. परवा हा भाग संपवायचाय." बदली घर कोणतं ते मी बघितलं. कोपऱ्यावरचं, दोन बोटींच्या मालकाचं. तिथं गेले असते तर सगळं सोपं झालं असतं. हिराबायचं घर यादीतून गळालं असतं, किंवा राहिलं असतं तर भिकेच्या रकान्यात राहिलं असतं. तिसरा मार्ग म्हणजे मला काय कळलं नाही ते जाऊन बघणं. मी जरा हट्टी आहे, आई म्हणते तसं घोरपडीसारखी चिकटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी भरतीला बोट येणार होती, हे कालच्या त्या शेजारणीनंच सांगितलं, तेही पाठमोरी होऊन. मी बंदरावर जाऊन उभी राहिले. ऊन असं की वाळूला हात लावता येईना. बोट आली. विकायची मासळी आधी बाजूला झाली, ती व्यापाऱ्याच्या टेम्पोत गेली. मग खायची मासळी खलाशांनी ताडपत्रीवर ओतली आणि तांडेलानं, म्हणजे बोट चालवणाऱ्या मुख्य माणसानं, त्याचे ढीग घालायला सुरुवात केली. थोडे बोंबील इकडं, एक हलवा तिकडं, मूठभर मांदेली, पुन्हा मूठभर. ढीग सारखे दिसावेत अशी खटपट, पण मासे कधी सारखे होतात का? एका ढिगात मोठा हलवा आला तर दुसऱ्यात नुसती बारीक मासळी.

ढीग झाले. तेव्हा एक म्हातारा खलाशी ढिगांकडं पाठ करून समुद्राकडं तोंड करून उभा राहिला. तांडेलानं काठी एका ढिगाला टेकवली.

"हा कोनाचा?"

पाठमोऱ्यानं आवाज दिला, "दाम्याचा."

काठी दुसऱ्या ढिगाला. "हा?"

"बोटीचा."

"हा?"

"हिरेचा."

काठी होती त्या मोठ्या हलव्याच्या ढिगाला. कुणाच्या कपाळावर आठी पडली नाही. पुढच्या ढिगात बारीक मासळी होती आणि पाठमोऱ्यानं नाव घेतलं ते खुद्द तांडेलाचं. सगळे खो खो हसले, तांडेलही हसला. "माझ्या हातानं माझाच घात," म्हणाला आणि आपली मांदेली टोपलीत भरायला लागला.

मी उन्हात तशीच उभी. ढीग घालणाऱ्याला कुठला ढीग कोणाला जाणार ते माहीत नाही. नाव घेणाऱ्याला कुठल्या ढिगात काय आहे ते दिसत नाही. मग कुणावर मेहेरबानी कोण करणार? कुणाला कमी कोण देणार? देशातली घरं निवडताना कुणाचा लाडका, कुणाचा दोडका होऊ नये म्हणून आमच्याकडं केवढा खटाटोप करतात, केवढी गणितं, आणि इथं एक म्हातारा नुसती पाठ फिरवून उभा राहतो! खरं सांगते, त्या क्षणी मला कुणाच्या तरी पाया पडावंसं वाटलं. त्या म्हाताऱ्याच्या, त्या काठीच्या, कोणी पहिल्यांदा ही रीत काढली त्याच्या. दान देणारा आधी घेणाऱ्याचं तोंड बघतो. इथं तोंड बघायचं नाही हाच नियम होता.

तांडेलाला विचारलं, की हिराबायचं नाव कसं? तो उलट माझ्याकडंच नवलानं बघायला लागला. "जाळी कोनाची हायेत? या बोटीवर दोन जाळी तिची. ती शिवते, ती राखते. जाळं पान्यात जातं तर वाटा नाय जानार? जाळं काय इधवा होतं का?" मागं बघितलं तर हिराबाय स्वतः आली होती. मला बघून न बघितल्यासारखं करून तिनं हलव्याचा ढीग टोपलीत भरला आणि मग फाटलेलं एक जाळं ओढून खांद्यावर घेतलं. ओल्या जाळ्याचं वजन काय असतं ते मी त्या दिवशी बघितलं. चालताना तिचा एक खांदा पार खाली गेला होता. तिच्या बोटांच्या पेरांवर नायलॉनच्या दोऱ्यानं कापल्याच्या बारीक बारीक रेघा होत्या. आदल्या दिवशी त्या मला बोंबील टाकताना दिसायला हव्या होत्या, पण मी टॅबकडं बघत होते.

तिथूनच साहेबांना फोन केला. सगळं सांगितलं, काठीसकट. साहेब म्हणाले, "जाळी तिच्या नावावर आहेत का?"

"जाळ्याला कसलं नाव, साहेब? जी शिवते तिची."

पलीकडं पानं उलटल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "आपल्या पुस्तकात काय आहे? घरच्या साधनांनी मिळवलेलं ते घरचं. लिहा. शेऱ्यात कारण लिहा, नीट लिहा, वरून कुणी विचारलं तर मी बोलतो." आणि फोन ठेवता ठेवता, "मॅडम, काल घाईत बोललो मी." या खात्यात माणसं अशीही भेटतात, म्हणून तर मी टिकून आहे.

आज मागं वळून बघते तेव्हा वाटतं, आपण एवढ्या मोठ्या देशाची मिळकत मोजतो म्हणजे नेमकं काय करतो? कुणाच्या तरी ओटीवर बसतो. मोठमोठे अहवाल निघतात, दरी वाढली की घटली यावर टीव्हीवर माणसं तावातावानं भांडतात, आणि त्या सगळ्याच्या अगदी बुडाशी एक बाई ओल्या हातानं सांगत असते की चहा मंगळवारी संपला. ती खरं बोलली तर वरचं सगळं खरं. ती का बोलावी खरं? तिला त्याचे पैसे मिळत नाहीत, घर मिळत नाही, नावसुद्धा छापून येत नाही. तरी माणसं बोलतात. आपली कामं सोडून, चूल मंद करून, परक्या बाईला आपल्या डब्यात काय आहे आणि काय नाही ते सांगतात. याचं मला अजून नवल वाटतं, आणि ते ओसरावं अशी माझी इच्छा नाही.

तर त्या संध्याकाळी मी पुन्हा हिराबायच्या ओटीपाशी गेले. चढले नाही, खालीच उभी राहिले. ती जाळं मांडीवर घेऊन बसली होती.

"मावशी, चुकलं माझं."

"माहीत हाय मला. बंदरावर उभी व्हतीस ना उन्हात." सुई चालूच होती. "बस. उभी राहू नको. वाच आता काय लिवलंस ता."

मी वाचलं. मासळी, महिनाभर, घरच्या जाळ्यांची.

"परत."

परत वाचलं. तिनं टॅब मागितला, पदराला बोट पुसलं आणि "कुठं हाय ता दाखव," म्हणाली. मी त्या ओळीवर तिचं बोट नेऊन ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं. तरी ती त्या ओळीकडं खूप वेळ बघत राहिली.

"हे कोन वाचनार?"

मी सांगायचा प्रयत्न केला. की तुमचं नाव कुठंच जाणार नाही, नुसते आकडे जाणार. की सगळ्या घरी आम्ही जात नाही, थोडीच घरं निवडतो. की तुमचं हे एक घर दुसऱ्या हजारो घरांच्या जागी धरणार, जिथं अशाच बाया असतील, एकट्या, आपापल्या कामाच्या. त्यांना कुणी विचारणार नाही, तुम्ही सांगितलंत तेच त्यांचं.

सुई थांबली. "मंजे माझ्या तोंडानं त्या पन बोलल्या?"

"हो, मावशी."

"नि काल तू लिवलेलं तसंच गेलं असतं, तर?"

हे मला कुठल्याच प्रशिक्षणात कुणी विचारलं नव्हतं, आणि उत्तर तर मला येत होतं.

"तर तेवढ्या बायांना तू एका बोटानं भिकारी केलं असतंस," हिराबाय म्हणाली. रागानं नाही. घाबरून म्हणाली, माझ्यासाठीच घाबरल्यासारखी, जसं एखाद्या पोरीच्या हातात कोयता बघून म्हणावं. "जपून दाबत जा गं, बाय."

मी बोट जपून टेकवलं आणि पुढची ओळ उघडली. मीठ.

"इकत," ती म्हणाली. "रोखीनं."